अकरावारी अष्टपुत्री

भाचीच्या लग्नात मामाला काय काम असतं, असं ज्यांना वाटतं त्यांना बहुधा भाची नसावी. मुलीचा बाप हॉल ठरवतो, आई नातेवाइकांचे रुसवे काढते, काका पंक्तीतून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरतात आणि स्वतः आधी जेवून घेतात. पण बोहल्यावर उभी राहताना मुलीच्या अंगावर जी पिवळी नऊवारी असते ती अष्टपुत्री, आणि ती मामानंच आणायची असते. मी चिंतामणी आठल्ये, सांगलीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो, आणि मला भाची एकच आहे. त्यामुळे हे काम आयुष्यात एकदाच येणार होतं आणि मी ते नीट करणार होतो.

आता थोडं उंचीबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिच्यातच आहे. आम्ही आठल्ये उंचीला बेताचे. आमच्या घरात कपाटाचे वरचे कप्पे रिकामे असतात, कारण तिथं ठेवलेली वस्तू पाहुणा येईपर्यंत मिळत नाही. थोरल्या बहिणीचं, कुंदाताईचं, लग्न झालं आणि ताडमाड उंचीचे दाजी घरात आले, तेव्हा आईनं त्यांना दिवाळसणाला ओवाळायच्या आधी माळ्यावरची तांब्याची घागर काढून घेतली. मी स्वतः बूट घातले की पाच फूट दोन इंच भरतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त एक नियम मी पाळत आलो आहे. चारचौघांत मी स्टुलावर चढत नाही. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी मला माइकपाशी स्टुलावर उभं केलं होतं आणि मी ‘अध्यक्ष महाशय’ म्हणायच्या आत सभागृह हसलं होतं. तेव्हापासून पंख्याची जाळी माझी बायको मंदा पुसते, दिवा मंदा बदलते. वर्गातला प्लॅटफॉर्म मी स्टुलात धरत नाही, तो सरकारी आहे.

तर भाची. तिचं नाव शाल्मली ठेवलं तेव्हा शाल्मली म्हणजे सावरीचं झाड आणि ते सरळ उंच जातं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती वडिलांवर गेली आणि त्यांच्याही थोडी पुढं गेली. सातवीत ती माझ्यापेक्षा उंच झाली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलायचं असलं की ती आधी बसते. मी सोफ्यावर असो की फाटकात उभा असो, ती पायरी, कट्टा, कुंडी, जे मिळेल त्यावर टेकते आणि मग म्हणते, “बोल मामा.” हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात तिची उंची कामाला आली, लग्नाच्या बाजारात आडवी आली. बघायला येणारे लोक ‘मुलगी छान आहे, पण’ असं म्हणून थांबायचे आणि तिच्या डोक्याच्या वर कुठंतरी बघायचे. अशा चार-सहा ‘पण’नंतर पोरगी खांदे पाडून चालायला शिकली. शेवटी कौस्तुभ भेटला. तो तिच्यापेक्षा दोन बोटं कमी आहे आणि त्याला त्याचं काही नाही. त्याच्या आईला मात्र होतं. विहीणबाई स्वभावानं वाईट नाहीत, पण साखरपुड्याच्या फोटोच्या वेळी त्या हळूच म्हणाल्या होत्या, “शाल्मली, जरा सैल उभी राहा गं.” सैल म्हणजे गुडघ्यात थोडं वाकून. ती लगेच सैल झाली होती. फोटोत दोघं सारखी आली आणि सगळे खूश झाले. मी मात्र त्या फोटोकडे बघून मनाशी ठरवलं की या पोरीला कधी काही पुरलेलं नाही. गणवेशाचे स्कर्ट आखूड, पंजाबी ड्रेस आखूड, कॉलेजच्या साडीदिनाची साडी आखूड. माझी अष्टपुत्री तिला पुरली पाहिजे. नुसती पुरली नाही, तर उरली पाहिजे.

आणि इथंच माझं चुकलं.

दुकानात गेलो तर तिथल्या माणसानं नऊवारींचा ढीग मांडला. मी म्हटलं, “मुलगी पाच फूट अकरा इंच आहे.”

त्यानं ढीग परत उचलायला सुरुवात केली. “मग तुम्ही विणूनच घ्या साहेब. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते नॉर्मल येतं.”

माझ्या भाचीला नॉर्मल नाही म्हणणाऱ्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवणार नव्हतो, पण मुद्दा बरोबर होता. विणून घ्यायची तर लांबी किती सांगायची, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि तो जिन्यातच चुकून मोठ्यांदा बोललो. आमच्या अपार्टमेंटमध्ये कुठलाही प्रश्न जिन्यात बोलला की तो सार्वजनिक होतो.

पहिल्या मजल्यावरच्या केळकरवहिनी दारातून म्हणाल्या, “नऊवार म्हणजे आपल्या उंचीच्या बाईला नऊवार. हिला अर्धा वार तरी वाढवा.”

दुसऱ्या मजल्यावर घोरपडे राहतात. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि खात्याची टेप अजून त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, “आठल्येसाहेब, अर्ध्या वारानं काय होतंय? कालव्याचं काम असो की साडीचं, गळती धरावी लागते. धुतल्यावर आटंल, नेसताना चुण्या पडतील. अजून अर्धा धरा.”

“म्हणजे दहा वार.”

“दहा म्हणजे कमीत कमी. पुढं तुमची मर्जी.”

कुंदाताईला फोन केला. ती म्हणाली, “आपल्यात ब्राह्मणी नेसवायची, ओचा काढून. ओच्याला कापड जास्त लागतं. पण विहीणबाई म्हणतायत पेशवाई नेसवा, शालूसारखा पदर पुढं येऊ दे. मी अजून हो म्हटलं नाही. तू असं कर चिंतू, दोन्हींना पुरेल एवढी आण. एक वार वाढव.”

अशा रीतीनं अष्टपुत्री अकरावारी झाली. मी रोज वर्गात मुलांना नकाशाचं प्रमाण शिकवतो, अक्षांश आडवे आणि रेखांश उभे हे घोकून घेतो. अशा माणसानं हे अकरा वार आडवे जाणार की उभे, हा विचार एकदाही केला नाही, हे पुढं मंदानं मला पुष्कळ वेळा ऐकवलं.

शाळेतल्या एका शिपायाचं सासर इचलकरंजीच्या पुढं हातमागवाल्यांच्या गावात आहे. त्याच्या ओळखीनं मी रविवारी तिथल्या विणकर सोसायटीत गेलो. सेक्रेटरी टेबलावर पाय न ठेवता, पण ठेवल्यासारखे बसले होते.

“काय पाहिजे?”

“अकरावारी साडी. पिवळी.”

“तसली साडी नसती.”

“म्हणून तर विणून पाहिजे.”

“नसती ती विणायची कशी?” त्यांनी मला समजावून सांगितलं. नऊवारीपर्यंतची ती साडी. त्याच्या पुढं गेली की ती साडी राहत नाही, कापड होते. साडीचं सूत वेगळ्या भावानं मिळतं, कापडाचं वेगळ्या. कापड विणायचं तर संचालक मंडळाची मंजुरी लागते.

“मग घ्या की मंजुरी.”

“मंडळ बरखास्त हाय.”

मी भाचीचं लग्न, मामाची अब्रू, पोरीची उंची असं सगळं त्यांच्यापुढं ठेवलं. ते ऐकून घेत होते. मुलीची उंची ऐकल्यावर ते खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी चहा मागवला. चहा पिता पिता त्यांना तोड सुचली. कागदावर एक नऊवारी साडी आणि एक दोनवारी उपरणं दाखवायचं.

“पण मला कापलेलं नकोय,” मी म्हणालो.

“कापायचं कशाला? कागदावर तेवढं कापायचं.”

इतका सोपा मार्ग असताना मंडळाची गरज काय, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण चहा त्यांचा होता.

साडी विणणार होते ज्ञानू हावळे. त्यांच्या घरात शिरताना मलासुद्धा मान वाकवावी लागली, त्यामुळे माझा त्यांच्याबद्दल चांगला ग्रह झाला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांनी हातातला धोटा थांबवला आणि विचारलं, “लांबी अकरा वार, हे कळालं. पन्हा किती धरू?”

“पन्हा काय,” मी हसून म्हणालो, “नेहमीचाच. तुम्ही लांबीचं बघा.”

“मागाला जेवढा येतोय तेवढा येतोय,” ते म्हणाले आणि त्यांनी धोटा पुन्हा सोडला. विषय संपला. मी परत येताना बसमध्ये खिडकीपाशी बसून स्वतःवर बेहद्द खूश होतो.

साडी झाली आणि ती सुंदर झाली. हळदीसारखा पिवळा रंग, लाल काठ, आत बारीक चौकडा. घडी केली तरी उशीएवढी होती. मी ती मांडीवर घेऊन रिक्षानं ताईकडे नेली. नेसवून बघायला सगळ्या बायका जमल्या होत्या. ताई, मंदा, केळकरवहिनी आणि साडी नेसवण्यात जिचा हात कुणी धरणार नाही अशी ताईची नणंद सुमनताई. विहीणबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांना एका भांड्याला टेकवून ओट्यावर उभं केलं होतं. मी दाजींबरोबर बाहेरच्या खोलीत बसलो, कारण पुरुषांनी अशा वेळी बाहेरच बसायचं असतं आणि आतलं सगळं ऐकायचं असतं.

सुरुवातीला कौतुक ऐकू आलं. मग सुमनताईंचा आवाज, “अगं, संपतच नाही ही.” मग केळकरवहिनी, “अजून एक वळसा घ्या.” मग पुन्हा सुमनताई, “किती वळसे घेऊ? पोरगी आहे का रहाटाचा दोर?” विहीणबाई भांड्यापासून म्हणाल्या, “पेशवाई नेसवताय ना?” त्यावर ताई म्हणाली, “नेटवर्क जातंय हो तुमचं.” नेटवर्क उत्तम होतं.

मग आत कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं.

मंदानं मला हाक मारली. मी आत गेलो. शाल्मली खोलीच्या मधोमध उभी होती. कमरेभोवती कापडाचा असा गठ्ठा झाला होता की कुणीतरी पोरीला लोडानं बांधून ठेवलंय असं वाटत होतं. आणि खाली साडी घोट्याच्या वीतभर वर संपली होती. अकरा वार कापड घेऊनही पोटऱ्या उघड्या.

पाच बायका आणि एक भूगोलाचा मास्तर, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता की एवढं कापड गेलं कुठं.

मंदाच आधी बोलली. “अहो, लांबी आडवी फिरते. कमरेभोवती. उंचीला लागतो तो पन्हा, कापडाची रुंदी.”

हे ऐकायला इतकं सोपं आहे की ते आम्हाला सुचलं नाही याची मला आजही लाज वाटते. पण त्यात एक गोम होती. आमच्या घराण्यात पन्हा कुणाला कमी पडलाच नव्हता. आमच्या बायका आयुष्यभर पन्हा जास्त होतो म्हणून कमरेपाशी खोचत आल्या. पदर पुरत नाही, ओचा लहान येतो, ही त्यांची दुखणी होती. पन्हा कमीही पडू शकतो, हे त्यांना आकाशाला छत कमी पडेल म्हटल्यासारखं वाटलं असतं. आणि मुलगी शिडशिडीत. तिला कमरेभोवती आठ वारसुद्धा रग्गड झाले असते.

ताई रडायच्या बेतात आली. केळकरवहिनी म्हणाल्या, “काही नाही, कोळीणी नेसतात तशी नेसवा, आखूडच शोभते.” विहीणबाई भांड्यावरून घसरल्या होत्या, त्यांना फक्त छत दिसत होतं, त्या ‘काय झालं, काय झालं’ विचारत होत्या. मी साडीकडे बघत उभा होतो. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत नाही, पण शाल्मलीनं ते पाहिलं.

“मामा,” ती म्हणाली, “बसली की रे बरोबर. बघ.”

आणि खरंच साडी घोट्याला टेकली होती. क्षणभर मला वाटलं कापड सुटलं. मग मी वर पाहिलं तर तिचा चेहरा नेहमीपेक्षा खाली होता. तिनं साडीच्या आत गुडघे वाकवले होते आणि तशीच हसत उभी होती, मला बरं वाटावं म्हणून.

मला फार वाईट वाटलं. मी ‘छान आहे’ असं काहीतरी पुटपुटलो आणि बाल्कनीत जाऊन ताईच्या तुळशीला पाणी घालायला लागलो. तुळशीला सकाळीच पाणी घातलेलं होतं. ते ओसंडून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या गाद्यांवर गेलं आणि खालून एक बाई मला नावं ठेवू लागल्या, तेव्हा थोडं बरं वाटलं.

थोड्या वेळानं शाल्मली बाहेर आली. साडी सोडून नेहमीच्या कपड्यांत होती. कुंडीच्या कठड्यावर बसली.

“बोल मामा.”

“गुडघे वाकवून किती वेळ उभी राहणार होतीस?”

तिनं तुळशीची एक मंजिरी खुडली. मग म्हणाली, “सवय आहे रे. त्यात सगळ्यांचीच सोय होते.”

“माझी होत नाही,” मी म्हणालो. “उभी राहा. नेटपाशी ब्लॉक करायला राहतेस तशी.”

मी दाजींची टेप आणली. मापं मंदानं घेतली. कमरेच्या गाठीपासून घोट्यापर्यंत, वर खोचायला चार बोटं, काष्टा ओढल्यावर वर चढते त्याची अजून चार बोटं. मी फक्त गुडघ्यांवर लक्ष ठेवून होतो. एकदा मला वाटलं ते वाकले, म्हणून मी ओरडलो, तर ती म्हणाली, “मामा, मुंगी चावली.”

आता वेळ थोडा होता आणि सल्ले भरपूर. घोरपड्यांनी सुचवलं की वरून कमरेत एक पट्टी जोडायची. आत जाणार, कोण बघतंय? हा सल्ला खरोखर चांगला होता. म्हणून तो गुरुजींना सांगितला, आणि गुरुजी म्हणाले, “वधूवस्त्र कोरं हवं. त्याला सुई लागलेली चालत नाही.” ब्लाउजला सुई चालते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “ब्लाउज वस्त्रात येत नाही.” मग काय, शास्त्रालाही सेक्रेटरी असतात, असं म्हणून मी पुन्हा इचलकरंजीची बस धरली.

ज्ञानू हावळे म्हणाले, “माझ्या मागाला याच्यावर पन्हा येणार न्हाई. माझा चुलतभाऊ चादरी विणतोय, त्याचा माग रुंद हाय. त्याच्यावर साडीचं सूत चढवून बघाय पाहिजे. पण तो सणकी माणूस हाय. चादरीच्या मागावर बाईमाणसाचं लुगडं म्हणलं की भडकंल.”

चुलतभाऊ भडकला. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. आखूड गणवेश, सैल उभं राहणं, कुंडीवर बसणं. तो ऐकता ऐकता तंबाखू मळत होता, तो हात थांबला. “आमची धाकटीबी अशीच हाय,” तो म्हणाला. “जरा ताठ चालली की लोकं हसत्यात.” आणि सूत किती लागेल ते तो बोटांवर मोजायला लागला.

सोसायटीत मात्र पुन्हा अडलं. सेक्रेटरी म्हणाले, “चादरीच्या मागावर निघाली म्हंजे ती चादर.”

“तिला काठ आहे, पदर आहे.”

“चादरीलाबी काठ असतोय.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. पावती ‘एक चादर, पिवळी’ अशी झाली. माझी भाची कागदोपत्री चादर नेसून लग्नाला उभी राहणार होती. पण ती चादर आठ वार लांब होती आणि तिचा पन्हा असा होता की मंदानं ती उभी धरली तर पलीकडे मंदा दिसत नव्हती. त्याच खेपेला पहिल्या अकरावारीतले दोन वार मी खरोखरच कापून घेतले. राहिलेले नऊ ताईला झाले. सेक्रेटरींना मुद्दाम जाऊन सांगितलं की तुमचा कागद आता खरा झाला. त्यांना विशेष आनंद झालेला दिसला नाही.

ते दोन वार मी अंतरपाटासाठी ठेवले. घरी येऊन मंदाला म्हटलं, “कापड आपलं आहे, तर एक टोक मीच धरणार. माझा मान आहे तो.”

मंदानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. “तुम्ही?” एवढंच ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सुमनताईंनी साडी नेसवली. ब्राह्मणीही नाही आणि पेशवाईही नाही, दोन्हींच्या मधली काहीतरी, ज्यात ताईला ओचा दिसत होता आणि विहीणबाईंना पदर. मी मामा म्हणून शाल्मलीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणलं. काठ बरोबर घोट्याला होता, ना वर ना खाली. ती चालत होती तेव्हा मी फक्त त्या लाल काठाकडे बघत चाललो होतो आणि वाटेत कुणाच्या तरी पायावर पाय दिला.

शाल्मली पाटावर उभी राहिली. अंतरपाटाचं पलीकडचं टोक कौस्तुभच्या मामांनी धरलं. ते पोलीस खात्यात आहेत आणि भरतीत उंची मोजून घेतलेले आहेत. अलीकडचं टोक मी धरलं. बोहल्यावर जागा बेताची, म्हणून धरणारे आम्ही दोघं खाली उभे होतो. मी हात शक्य तेवढे वर केले. कापड माझ्या बाजूला असं उतरलं की शाल्मलीचा चेहरा हनुवटीपासून वर उघडा राहिला. तिला पलीकडचं सगळं दिसत होतं. कौस्तुभनंही तिला पाहिलं आणि लाजून खाली बघितलं.

“मामा, वर घ्या,” गुरुजी म्हणाले.

मी टाचा उचलल्या.

“अजून वर. दृष्टादृष्ट होतेय.”

आणखी टाचा मला नव्हत्या. पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं. विहीणबाई पुढं झाल्या आणि अगदी मायेनं, हळूच म्हणाल्या, “शाल्मली, जरा सैल गं.”

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी काठ बघत होतो. तो घोट्यावरून हळूहळू खाली आला आणि पाटाला टेकला.

“गुरुजी, थांबा,” मी म्हणालो.

“अहो, मुहूर्त आहे.”

“मुहूर्तालाही थांबायला सांगा. मंदे, तो स्टूल आण.”

फोटोग्राफरचा स्टूल होता, लाल प्लॅस्टिकचा. मंदा क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मी चारचौघांत स्टूल मागितल्याचं तिनं संसारात कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं तो आणला, माझ्या पायाशी ठेवला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून तिथंच खाली बसली, नवी पैठणी नेसलेली.

मी चढलो. डोक्यावरचा फेटा वरच्या झालरीला अडकला. अख्खा हॉल हसला, वक्तृत्व स्पर्धेपेक्षा जोरात. मागून घोरपडे ओरडले, “आठल्येसाहेब, अजून वीतभर, लेव्हलला येतंय.” मी टोक वर नेलं. अंतरपाट सरळ झाला आणि शाल्मली कौस्तुभच्या नजरेआड झाली.

मी कडेला होतो, त्यामुळे मला ती दिसत होती. मान वळवली तर तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. वर नाही, खाली नाही. सातवीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं न बसता एकमेकांकडे बघत होतो.

“मामा, पडशील,” ती कुजबुजली. तिचे डोळे भरले होते.

“तू सरळ उभी राहा. मी पडत नाही.”

मी खाली पाहिलं. लाल काठ पाटावरून उचलला गेला, घोट्यावर आला आणि तिथंच राहिला. खांदेही मागं गेले. विहीणबाईंनी ते पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे, मग स्टूल धरून बसलेल्या मंदाकडे पाहिलं आणि वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. ताईच्या शाळेतल्या मैत्रिणींनी सगळ्या चाली लावून म्हटली, काही चाली त्यांना दोनदा आवडल्या. हात भरून आले तरी मी कापड खाली येऊ दिलं नाही. शेवटी ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट सुटला, आणि दोघं समोरासमोर उभी होती. तिला हार घालताना वाकावं लागलं नाही, कौस्तुभनं जरा हात उंचावले, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. लोक टाळ्या वाजवत जेवणाकडे वळले. वाजंत्री जोरात चालू होती.

मंदा खालून म्हणाली, “अहो, झालं. उतरा आता.”

“थांब गं,” मी म्हणालो, “इथून सगळं छान दिसतंय.”